यॉर्क आणि व्हिटबी : भरती-ओहोटी बघून आखलेला आठवडा

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा इंग्लंडात लीड्सला, त्याला रजा नाही, तुम्हा दोघांकडे एक मोकळा आठवडा आणि इकडे गाडी चालवायची इच्छा नाही. तुमचे गुडघे कुरकुरतात, वहिनी शाकाहारी. लंडन-एडिंबरा-लेक डिस्ट्रिक्ट तर सगळेच सुचवतात, पण तुम्हाला एक जुनं शहर आणि समुद्रकाठची दोन-चार खेडी सावकाश बघायची आहेत. इथे येणाऱ्या मराठी मंडळींच्या सहली आखून देणं हे माझं अनेक वर्षांचं काम, तेव्हा आढेवेढे न घेता सांगतो: उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं जुनं शहर यॉर्क आणि तिथल्याच किनाऱ्यावरचं व्हिटबी. रविवारी निघा, तीन रात्री यॉर्क. बुधवारी किनाऱ्याकडे सरका, चार रात्री व्हिटबी. पुढच्या रविवारी परत लीड्स. हॉटेलं दोनच.

बहुतेक लोक मुक्काम यॉर्कला ठोकतात आणि व्हिटबी 'एका दिवसात उरकतात'. जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये जातात आणि समुद्रकाठी पोहोचतात ते नेमके भरदुपारी, अख्खं यॉर्कशर तिथे लोटलेलं असतं तेव्हा. या दोन्ही ठिकाणी अकरा ते चार ही वेळ दिवसाच्या पाहुण्यांची. सकाळ आणि संध्याकाळ ही मुक्कामाला असलेल्यांची. शिवाय किनाऱ्यावर कधी कुठे जायचं हे तुम्ही ठरवत नाही, ओहोटी ठरवते. त्यासाठी हाताशी जास्तीचे दिवस लागतात, म्हणून व्हिटबीला एक रात्र अधिक दिली आहे.

रविवार ते बुधवारच का? शनिवारी यॉर्कमध्ये लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके स्टेशनपासूनच सुरू होतात. घोड्यांच्या शर्यती असतील तर विचारूच नका. ऑगस्टमधल्या एबॉर शर्यतींच्या दिवसांत खोल्यांचे भाव ऐकून माणूस 'लीड्सच बरं' म्हणतो. महिना निवडता येत असेल तर मेचा उत्तरार्ध किंवा जून घ्या. जूनमध्ये सूर्य मावळायला साडेनऊ वाजून जातात, म्हणजे जेवून निवांत फिरायला निघालात तरी उजेड असतो. डिसेंबरात हाच सूर्य पावणेचारला जातो.

यॉर्कमध्ये पहिल्या संध्याकाळी काहीही 'बघायला' जाऊ नका. तटावर चढा. मध्ययुगीन तटबंदी जवळपास साडेतीन किलोमीटर उरली आहे, फुकट आहे आणि अंधार पडायच्या सुमारास दरवाजे बंद होतात. गुडघे सांभाळायचेत तर पूर्ण फेरीच्या मागे लागू नका. बूटम बार ते मंक बार (इथे 'बार' म्हणजे तटाचा दरवाजा) एवढाच तुकडा करा, सगळ्या तटाचं सार त्यात आहे: एका बाजूला मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या भव्य कॅथेड्रलचे मनोरे, खाली पाद्र्यांच्या घरांच्या बागा. एक गोष्ट आधीच सांगतो, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. फोटोसाठी मागे मागे सरकायची सवय असेल तर इथे मोडा.

मिन्स्टर दोनदा बघावं. एकदा सकाळी तिकीट काढून, एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेला. साधारण साडेपाचच्या सुमाराला इव्हनसाँग असतं, वेळ दारावरच्या फलकावर बघून घ्या. त्याला तिकीट नाही आणि तुम्ही कुठल्या धर्माचे हे कोणी विचारत नाही. गायकवृंदाच्या जवळची बाकं मिळतात. फक्त फोन बंद ठेवायचा आणि मध्येच उठायचं नाही.

सकाळी गेलात की पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीसमोर बसा. जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी ही रंगीत काचेची खिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटननं १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केली. करारात मुदत तीन वर्षांचीच होती, आणि त्याला मिळाले सगळे मिळून ५६ पौंड. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रलयापर्यंत सगळी कथा तीनशेहून जास्त चौकटींत आहे. खालून नुसत्या डोळ्यांनी ती वाचता येत नाही, छोटी दुर्बीण असेल तर न्या. पण मला स्वतःला उत्तरेकडची 'फाइव्ह सिस्टर्स' जास्त आवडते. पन्नास फुटांहून उंच, अरुंद अशा पाच खिडक्या, तेराव्या शतकातल्या. रंग जवळपास नाहीतच, राखाडी-हिरवट काच. १९२५ मध्ये ती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या साम्राज्यातल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून पुन्हा समर्पित झाली. जवळच्या लाकडी फळ्यांवर चौदाशेहून जास्त नावं आहेत: नर्सेस, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगार बाया. लोक खिडकीचा फोटो काढतात आणि नावांकडे पाठ करून निघून जातात. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्यांचा विचार तुम्ही सोडून द्या, वरून दिसणारं यॉर्क तटावरूनही पुरेसं दिसतं.

शॅम्बल्स नावाची खाटकांची जुनी गल्ली सकाळी आठच्या आत बघून घ्या. वरच्या मजल्यांचे सज्जे एकमेकांकडे झुकलेले, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे आणि फळ्या अजून शाबूत. दहानंतर तिथे हॅरी पॉटरछाप जादूच्या छड्या विकत घेणाऱ्यांची रांग लागते आणि मग गल्ली दिसतच नाही, फक्त डोकी दिसतात. बेटीजच्या चहाच्या दुकानाबाहेरही रांग असतेच. दुपारचा टळटळीत वेळ सोडून उशिरा गेलात तर उभं राहावं लागत नाही. १९३० च्या दशकात यॉर्कमध्ये सुरू झालेल्या या दुकानाच्या तळघरात एक आरसा आहे. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या तळांवरचे विमानसैनिक तिथे जमत आणि हिऱ्याच्या टोकाच्या पेननं काचेवर आपली नावं कोरत. चहा झाला की खाली जाऊन तो जरूर बघा.

रेल्वे म्युझियम फुकट आहे आणि तुमच्यासारख्या दोघांत एकाला ते फार आवडतं, दुसऱ्याला तासाभरात पुरे होतं. म्हणून वहिनींना म्युझियम गार्डनमध्ये सेंट मेरीज मठाच्या पडक्या भिंतींशी बाकावर सोडून तुम्ही एकटेच जा. वाफेच्या इंजिनाच्या वेगाचा विक्रम, ताशी १२६ मैल, ज्याच्या नावावर १९३८ पासून आहे ते मॅलार्ड या म्युझियमच्या मालकीचं आहे. पहिल्या पिढीतल्या शिंकान्सेनचा, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचा, एक डबाही आहे, त्यात जाऊन बसता येतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं तंत्रज्ञान त्याच घराण्यातलं. जॉर्विक वायकिंग केंद्राबद्दल विचाराल, तर नातवंडं बरोबर असतील तर जा. तुमच्या आठवड्यात मी ते घालणार नाही.

बुधवारचा प्रवास हाच एक कार्यक्रम समजा. यॉर्कहून व्हिटबीला थेट रेल्वे नाही, मिडल्सबरोवरून वळसा पडतो. त्यापेक्षा ८४० नंबरची कोस्टलाइनर बस घ्या. लीड्सहून निघून यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत ती माळरान ओलांडून व्हिटबीला उतरते. यॉर्कपासून सव्वादोन-अडीच तास. २०१८ मध्ये ब्रिटनमधला सर्वांत देखणा बसमार्ग म्हणून याच मार्गाची निवड झाली होती. लंडनबाहेरच्या बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पौंड आहे, त्यामुळे हा अख्खा प्रवास चहा-केकपेक्षा स्वस्त पडतो. दिवसात फेऱ्या मोजक्याच असतात, आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. वरच्या मजल्यावर डावीकडे बसा. पिकरिंग सोडलं की थोड्या वेळानं डाव्या हाताला जमिनीत एक प्रचंड वाडगा कोरल्यासारखी दरी येते, ती होल ऑफ हॉरकम. ऑगस्टच्या उत्तरार्धात इथला सगळा माळ हेदर नावाच्या झुडपांच्या फुलांनी जांभळा झालेला असतो.

व्हिटबीत खोली घेताना दोन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि खोली कितव्या मजल्यावर. पश्चिमेच्या टेकडीवर व्हिक्टोरियन काळातल्या उंच घरांच्या रांगा आहेत. खिडकीतून समुद्र छान दिसतो, पण बहुतेक ठिकाणी चार मजले आणि अरुंद जिने. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मिळत असेल तर समुद्र दिसला नाही तरी घ्या. शनिवार-रविवारी एका रात्रीसाठी खोली द्यायला लोक कुरकुरतात, चार रात्री सलग घेतल्या की तो प्रश्न येत नाही.

पोहोचल्या दिवशी पहिलं काम: भरती-ओहोटीची वेळ. छापील पुस्तिका गावात स्वस्तात मिळते, फोनवरही दिसते. छापील कोष्टकात उन्हाळी वेळ धरली आहे की ग्रिनिच, ते वरच्या ओळीत वाचा. ग्रिनिच असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. एवढ्या एका तासानं लोक पाण्यात अडकतात. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्याला हे शिकवायला नको. पण इथे वाळू संपली की लगेच उभा कडा आहे, वर पळायला माडाची वाडी नाही. नियम सोपा: ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी निघायचं आणि पाणी वळायच्या आत परतायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत लांब जातं, खडक सर्वांत जास्त उघडे पडतात आणि परत येतंही तितक्याच जोरात.

गाव एस्क नदीनं दोन भागांत कापलेलं आहे. मधे फिरता पूल, बोटी आल्या की बाजूला फिरतो. पूर्वेच्या कड्यावर चर्च आणि जुन्या मठाचे अवशेष, तिथे जायला १९९ पायऱ्या. आकडा ऐकून घाबरू नका, वाटेत सपाट टप्पे आणि बाकं आहेत. ते टप्पे पूर्वी शवपेटी खाली ठेवून दम खायला होते, आता आपण खातो. अगदीच जमणार नसेल तर मागच्या बाजूनं मठापर्यंत वाहन जातं. वर गेल्यावर सगळे मठाच्या भग्नावशेषांकडे धावतात. तुम्ही आधी सेंट मेरीज चर्चमध्ये शिरा. बाहेरून बुटकं, ओबडधोबड. आत मात्र जहाजाच्या पोटात आल्यासारखं वाटतं. प्रत्येक कुटुंबाला बसायला दारं असलेली लाकडी खोकी, काहींवर 'फक्त परक्यांसाठी' असं रंगवलेलं. तीनमजली व्यासपीठाला लांबलचक कर्णे जोडलेले आहेत: एका पाद्र्याची बायको बहिरी होती, तिला प्रवचन ऐकू जावं म्हणून. मध्ये कोळशाची शेगडी. तिथे अर्धा तास कसा जातो कळत नाही.

मठाचा इतिहास थोडक्यात: ६५७ मध्ये स्थापना, प्रमुख होती हिल्डा नावाची स्त्री. तिच्या हाताखाली पुरुष आणि स्त्रिया दोघंही साधक. ६६४ मध्ये इथेच भरलेल्या सभेत ईस्टरची तारीख रोमच्या पद्धतीनं धरायचं ठरलं. आज उभे असलेले अवशेष बरेच नंतरचे, आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या तेव्हा त्यांनाही फटका बसला. ड्रॅक्युलाची कबर शोधायला येणाऱ्यांना एवढंच सांगायचं: कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे राहिला, गावातल्या वाचनालयात त्याला ते नाव सापडलं, कादंबरीतला प्रसंग याच पायऱ्यांवर घडतो. पात्राला कबर नसते.

खाण्याचं आता नीट वाचा, कारण वहिनींचा प्रश्न इथे आहे. यॉर्कशरमधली बरीच फिश अँड चिप्सची दुकानं गाईच्या चरबीत तळतात, आणि मासेच नाही, बटाट्याच्या चिप्ससुद्धा त्याच कढईत. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, चव त्यामुळेच येते म्हणतात. तेव्हा 'आम्ही फक्त चिप्स घेतो' हे उपयोगाचं नाही. आत शिरतानाच 'कशात तळता?' असं विचारा. कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत. तिथे माशासाठी आणि चिप्ससाठी कढई वेगळी आहे का, हा पुढचा प्रश्न. यॉर्कशर पुडिंग नावाचा प्रकार गोड नसतो, तोही बरेचदा चरबीतच भाजतात. मासे खाणाऱ्यानं मात्र हॅडॉक मागावा, इथे कॉडपेक्षा त्याचा मान मोठा. हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून हेरिंग मासे लाकडाच्या धुरावर धरणारं एक छोटं धुराडं आहे. कागदात बांधून दिलेला किपर, म्हणजे हा धुरावलेला हेरिंग, लीड्सच्या घरी नेणार असाल तर मुलाला आधी विचारा, वास दोन दिवस घर सोडत नाही. आणि बंदराच्या कठड्यावर उघडा पुडा घेऊन बसू नका. सीगल पाठीमागून येतो.

ओहोटी भर दिवसा असेल तो दिवस रॉबिन हूड्स बेला द्या. एक्स ९३ बस वीसेक मिनिटांत गावाच्या डोक्यावर सोडते. नावाचा आणि त्या रॉबिन हूडचा काहीही संबंध सापडलेला नाही. खाली उतरणारा एकच रस्ता, छातीवर येणारा. बाजूनं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली लाल कौलांची घरं, मधून बोळ. चोरट्या मालाच्या व्यापारासाठी हे गाव बदनाम होतं. उतरताना तळपायाला ग्रिप असलेले बूट हवेत, चढताना वेळ. वाटेत एक फलक लागेल. जानेवारी १८८१ मध्ये 'व्हिजिटर' नावाचं जहाज इथे बुडालं, समुद्र एवढा खवळलेला की व्हिटबीहून पाण्यातून मदत येणं अशक्य. मग तिथल्या लोकांनी जीवरक्षक बोटच बर्फातून, घोडे आणि दोनेकशे माणसं लावून, सहा मैल जमिनीवरून ओढत आणली आणि खलाशी वाचवले. ज्या उतारावर तुम्ही कठडा धरून उतरता, त्याच उतारावरून ती बोट दोरांनी खाली सोडली.

खाली पोहोचल्यावर पाणी मागे गेलेलं असेल तर खडकांच्या लांब वाकड्या रांगा समुद्रात शिरलेल्या दिसतील. त्यांच्या कडेनं वाळूवरून किलोमीटरभर गेलं की बॉगल होल, जुन्या पाणचक्कीच्या जागी युवा वसतिगृह आणि चहाची सोय. वाटेत सुटे दगड उलटून बघा, अमोनाइटचे गुंडाळलेले जीवाश्म सापडतात. हिल्डानं सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे, आणि पूर्वी कारागीर त्या जीवाश्मांवर सापाचं डोकं कोरून पाहुण्यांना विकत. सुटे उचला, कड्याला हातोडी लावू नका आणि कड्याच्या अगदी खाली बसू नका, दगड पडतात. पलीकडच्या टेकडीवरच्या रॅव्हन्सकारला तुरटीचे कारखाने होते. तुरटी बनवायला मूत्र लागे, आणि ते लंडनहून पिंपं भरभरून जहाजानं येई. हे जेवायच्या आधी वहिनींना सांगू नका.

दुसऱ्या दिवशी उलट दिशेला, एक्स ४ बसनं स्टेथ्स. अर्ध्या तासावर. इथे १७४५ मध्ये जेम्स कुक नावाचा पोरगा वाण्याच्या दुकानात कामाला लागला. काउंटरमागे रमला नाही आणि व्हिटबीच्या जहाजमालकाकडे उमेदवारीला गेला. पुढे ज्या 'एंडेव्हर'वरून तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचला, ते व्हिटबीतच बांधलेलं कोळशाचं जहाज होतं. स्टेथ्स सकाळी बघा. ओढ्यात बोटी चिखलावर टेकलेल्या असतात, पलीकडे काउबार नॅबचा कडा पक्ष्यांनी पांढरा. तब्येत साथ देत असेल तर कड्यावरच्या वाटेनं रन्सविक बे पाच किलोमीटर आहे, चढउतार बरेच. नसेल तर पुन्हा बस घ्या आणि हिंडरवेलला उतरून खाली जा. मी तुमच्या जागी असतो तर स्टेथ्सवर थांबलो असतो आणि उरलेली दुपार सॅंड्सएंडला काढली असती. तीच बस परतीच्या वाटेवर सॅंड्सएंडला थांबते आणि ओहोटी असेल तर तिथून व्हिटबीपर्यंत पाच किलोमीटर सरळ सपाट वाळू, गुडघ्यांची मुळीच तक्रार नाही.

एक दिवस धुक्याचा जाईल हे धरून चाला. उन्हाळ्यातही उत्तर समुद्रावरून अचानक दाट, गार धुकं आत येतं. मैलभर आत ऊन आणि इथे समोरचा कठडा दिसत नाही. स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट जूनमध्येही पाठीवर असू द्या. अशा दिवशी पॅनेट पार्कमधलं व्हिटबी म्युझियम गाठा. जुन्या पद्धतीचं, काचेच्या कपाटांत खच्चून भरलेलं. एका डॉक्टरनं १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या वादळसूचक यंत्राची प्रतिकृती तिथे आहे: बारा बाटल्यांत बारा जळवा. वादळ जवळ आलं की त्या वर चढणार आणि घंटा वाजणार.

त्याच दिवशी वहिनींना जेटचे दागिने बघू द्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा हा काळाभोर जीवाश्म. नवरा अल्बर्टच्या मृत्यूनंतर व्हिक्टोरिया राणीनं शोकात वापरला आणि त्याची लाट आली. खरा जेट हाताला हलका आणि कोमट लागतो. 'फ्रेंच जेट' म्हणून मिळते ती काळी काच, गार आणि जड. खरा जेट चकाकी नसलेल्या चिनीमातीवर घासला तर तपकिरी रेघ उमटते. चांगला दुकानदार न मागता हे करून दाखवतो.

रविवारी ८४० नं परत. रविवारचं वेळापत्रक आठवड्याच्या दिवसांपेक्षा वेगळं असतं, तेवढं शनिवारीच बघा. मुलगा पुढे रेल्वेनं काही सहल आखत असेल तर साठीवरच्यांचं सीनियर रेलकार्ड पासपोर्ट दाखवून काढता येतं, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. तुमच्या तारखा ठरल्या की कळवा. त्या आठवड्यातल्या ओहोटीच्या वेळा बघून रॉबिन हूड्स बे गुरुवारी घालायचा की शुक्रवारी, ते सांगतो.